सेटिंग्जचा पडदा आणि मराठीचा विध्यर्थ

भाषेचा हक्क म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर शाळा येते, दुकानावरची पाटी येते, कचेरीतला अर्ज येतो. 1 मे 1960 नंतर ज्या मराठी माणसांच्या गावांवरून किंवा कामाच्या वाटेवरून राज्याची रेषा गेली, त्यांनी या तिन्हींसाठी आजवर पुष्कळ लिहिले आणि बोलले. ते आवश्यकच होते. परंतु आज वीस-बावीस वर्षांच्या मराठी तरुणाचा कामाचा दिवस ज्या मजकुरासमोर जातो, तो मजकूर संगणकाच्या पडद्यावर असतो. प्रोग्रॅम लिहायला शिकणारा मुलगा वा मुलगी दिवसातले आठ-दहा तास कोड एडिटरसमोर बसते. त्या एडिटरात एक कोपरा असा आहे की जिथे यंत्र माणसाला विचारते, 'तुमची इच्छा काय?' त्या कोपऱ्याला सेटिंग्ज म्हणतात. तिथला प्रश्नच समजला नाही, तर उत्तर देण्याचा हक्क असून नसल्यासारखा होतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. सेटिंग्जचा पडदा ही मुळात लेखनाची बाब आहे. तो अवघड होतो, कारण त्यावरची वाक्ये वाईट लिहिलेली असतात, त्याची प्रकरणे पाडलेली नसतात आणि नावे शोधणाऱ्याच्या मनातली नसतात. तो सोपा करण्यासाठी लागणारे एक नेमके व्याकरणिक साधन मराठीजवळ आहे. ते साधन आपण वापरत नाही, याची आम्हांला खंत वाटते.

कतारगामच का?

हा विचार आम्ही सुरतेतल्या कतारगामाच्या संदर्भात मांडत आहोत, त्याला कारण आहे. कतारगाम हा सुरत शहराच्या उत्तरेकडचा, तापीकाठचा भाग. उंधियूत पडणाऱ्या पापडीसाठी त्याचे नाव सुरती घरांत आजही आदराने घेतले जाते. पण गेल्या काही दशकांत त्याची ओळख हिऱ्यांच्या कारखान्यांनी ठरवली. तिथे हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या कारागिराला पूर्वी 'हीराघसू' म्हणत, आता 'रत्नकलाकार' म्हणतात. एका शब्दाने माणसाची प्रतिष्ठा कशी बदलते, हे सांगायला भाषाशास्त्राच्या पुस्तकाची गरज नाही. कतारगामाच्या गल्लीत ते रोज ऐकू येते.

सुरतेतली मराठी वस्ती मुख्यतः लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत एकवटलेली आहे, तरी कतारगामातही मराठी घरे आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या रेल्वेने ही माणसे आली. त्यांच्यापैकी अनेक घरांत अहिराणी बोलली जाते, शाळेत मराठी वा गुजराती, रस्त्यावर गुजराती, कारखान्यात हिंदी. सुरत महापालिका आजही मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवते. 2022 नंतर हिऱ्यांच्या निर्यातीला उतरती कळा लागली, अनेक हातांचे काम गेले किंवा कमी झाले, आणि पुढच्या पिढीने घंटीवर बसण्याऐवजी संगणकासमोर बसावे, असे घराघरांत बोलले जाऊ लागले. ज्या मुलाचे किंवा मुलीचे शिक्षण तीन भाषांच्या सांध्यावर झाले, तिला चौथी भाषा, म्हणजे पडद्यावरची इंग्रजी, सर्वांत परकी वाटते. प्रोग्रॅमिंगचे पन्नास-साठ इंग्रजी शब्द ती पाठ करते. पण सेटिंग्जच्या पडद्यावर शब्द पाठ करून भागत नाही. तिथे सलग वाक्ये वाचून निर्णय घ्यावा लागतो. तिथे ती अडते, आणि मग दुसऱ्या कुणाला तरी विचारते. कामाच्या हत्यारावर आपला हात नसणे म्हणजे काय, हे हिऱ्याच्या कारागिराला वेगळे सांगावे लागत नाही.

पडद्यावर नेमके काय असते?

आज जगात सर्वाधिक वापरला जाणारा कोड एडिटर म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओ कोड. मायक्रोसॉफ्टने तो 2015 साली जाहीर केला. त्याचे सामर्थ्य त्याच्या एक्स्टेन्शन्समध्ये आहे. वृत्तपत्राला जशी पुरवणी असते, तशी ही एडिटरला जोडली जाणारी पुरवणी. म्हणून पुढे आम्ही तिला पुरवणीच म्हणू. कुणी कोड नीटनेटका मांडणारी पुरवणी लिहितो, कुणी चुका दाखवणारी, कुणी शुद्धलेखन तपासणारी. प्रत्येक पुरवणी आपल्याबरोबर स्वतःची सेटिंग्ज आणते: कधी चार, कधी चाळीस, कधी त्याहूनही अधिक. पाच-सात पुरवण्या बसवल्या की सेटिंग्जची यादी एखाद्या ग्रंथाएवढी होते, आणि त्या ग्रंथाला लेखक अनेक असतात, संपादक मात्र कुणीच नसतो.

पुरवणीचा कर्ता आपल्या सेटिंग्जची माहिती 'पॅकेज डॉट जेसन' नावाच्या फाइलीत लिहितो, आणि एडिटर त्यावरून पडदा तयार करतो. म्हणजे पडदा सुगम होणार की दुर्गम, हे त्या फाइलीतल्या लेखनावर ठरते. कर्त्याने काहीच क्रम दिला नाही, तर एका गटातली सेटिंग्ज इंग्रजी अक्षरक्रमाने लागतात. समजा, शुद्धलेखन तपासणाऱ्या पुरवणीला चाळीस सेटिंग्ज आहेत. तिचे मुख्य कळ असलेले 'एनेबल' हे सेटिंग 'ई' अक्षराच्या जागी, यादीच्या मध्यावर कुठेतरी पडते. क्वचित लागणारे 'ऑटोफिक्स' मात्र 'ए' अक्षरामुळे अग्रस्थानी बसते. घराचा दरवाजा आतल्या खोलीत आणि अडगळीची फळी उंबरठ्यावर, अशी ती रचना होते.

यावर उपाय एडिटरने दिलेले आहेत. खेद इतकाच की कर्ते ते वापरत नाहीत. सेटिंग्जचे एकाऐवजी अनेक गट करता येतात, आणि मग डावीकडच्या अनुक्रमणिकेत त्या पुरवणीखाली उपप्रकरणे दिसू लागतात. प्रत्येक गटाला आणि प्रत्येक सेटिंगला 'ऑर्डर' म्हणून क्रमांक देता येतो. वर्णनात एका सेटिंगातून दुसऱ्या सेटिंगाकडे नेणारा दुवा घालता येतो, म्हणजे 'हे बदलायचे असेल तर आधी ते पाहा' अशी वाटेवरची पाटी लावता येते. निवडीच्या प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र स्पष्टीकरण जोडता येते. जे सेटिंग कालबाह्य झाले, त्यावर तसा शेरा लिहिता येतो. मग ज्याने ते पूर्वी वापरलेले नाही, त्याच्या पडद्यावर ते येतच नाही. गटाच्या नावात 'सेटिंग्ज' किंवा 'एक्स्टेन्शन' असे शब्द पुन्हा घालू नयेत, अशी साधी सूचनाही एडिटरच्या मार्गदर्शिकेत आहे. कारण वाचणारा आधीच सेटिंग्जमध्ये आलेला असतो.

वापरणाऱ्याच्या हातीही काही किल्ल्या आहेत. शोधपेटीत 'ॲट मॉडिफाइड' हे चिन्हपद लिहिले, तर आपण बदललेली तेवढीच सेटिंग्ज समोर येतात. पुरवणीच्या नावाशेजारच्या दातेरी चाकावरून तिचीच सेटिंग्ज उघडता येतात. शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी या दोन गोष्टी सांगितल्या, तर विद्यार्थ्याचे कितीतरी तास वाचतील.

हिऱ्यांच्या बाजारात माल कागदाच्या घडी केलेल्या पुडीत असतो आणि पुडीवर आतल्या मालाचे वजन नि प्रत लिहिलेली असते. निवड न केलेले हजार हिरे एकाच पुडीत ओतून कुणी ग्राहकापुढे ठेवत नाही. ठेवले तर त्याला बाजारात कुणी उभे करणार नाही. पुरवणीचा कर्ता मात्र चाळीस सेटिंग्ज एकाच पुडीत ओततो आणि ग्राहकालाच निवडायला बसवतो.

नवापूरचा फलाट

आणखी एक गुंता आहे, आणि तो सीमेवरच्या माणसाला चटकन समजेल. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये एकच सेटिंग वेगवेगळ्या पातळ्यांवर ठरवता येते: एकदा 'यूझर' म्हणून सर्व कामांसाठी, एकदा 'वर्कस्पेस' म्हणून समोरच्या प्रकल्पापुरते, आणि कधी एखाद्या फोल्डरपुरतेही. दोन्हीकडे वेगळे मूल्य असेल, तर प्रकल्पाचे मूल्य वरचढ ठरते. आपण वैयक्तिक पातळीवर बदल करतो, तो दिसतो, पण लागू होत नाही. कारण प्रकल्पाच्या पातळीवर कुणीतरी आधीच वेगळे लिहून ठेवलेले असते. नवशिक्या इथे हमखास गोंधळतो.

सुरत-भुसावळ मार्गावरचे नवापूर स्थानक आठवा. त्याच्या फलाटावरून महाराष्ट्र आणि गुजरातची सीमा जाते. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत. तिथे उद्घोषणा चार भाषांत होतात: हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती. फलाट एकच असला, तरी आपण कुठे उभे आहोत यावरून नियम बदलतो. पण तिथे सीमेची खूण रंगवलेली आहे, त्यामुळे प्रवाशाला आपण कुठे आहोत हे कळते. पुरवणीच्या कर्त्याने 'स्कोप' या नावाखाली हीच खूण रंगवायची असते. हे सेटिंग सगळीकडे लागू आहे की या यंत्रापुरते, प्रकल्पापुरते की एखाद्या भाषेच्या फाइलींपुरते, हे त्याने ठरवायचे आणि वर्णनात एका वाक्यात सांगायचे. 'हे सेटिंग प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळे ठेवता येते' एवढे मराठी वाक्य त्या गोंधळाला पुरेसे आहे.

जे नाव बदलता येत नाही

आता भाषेच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. सेटिंगचे पडद्यावर ठळक दिसणारे नाव कुठून येते? ते कर्त्याने लिहिलेल्या इंग्रजी ओळखनामातून यंत्र आपोआप घडवते. ओळखनामातले बिंदू आणि मोठी अक्षरे पाहून ते शब्द तोडते आणि 'फाइल्स: ऑटो सेव्ह' यासारखे शीर्षक बनवते. चिनी किंवा जपानी भाषेत एडिटर वापरला, तरी वर्णने त्या भाषेत येतात, शीर्षके मात्र इंग्रजीच राहतात. म्हणजे जगातल्या कोणत्याही इंग्रजीतर वाचकाचा सगळा भार वर्णनाच्या एक-दोन वाक्यांवर असतो.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली: ओळखनाम घडवताना कर्त्याने आखूड, सर्वपरिचित इंग्रजी शब्द वापरावेत, कारण ते नाव कोट्यवधी परभाषकांना तसेच वाचावे लागणार आहे. दुसरी: वर्णन म्हणजे शीर्षकाची पुनरुक्ती असू नये. 'ऑटो फिक्स' या शीर्षकाखाली 'ऑटो फिक्स सुरू करते' असे लिहिणे म्हणजे प्रश्नालाच उत्तर म्हणून परत करणे होय. ईमॅक्स या जुन्या एडिटरच्या परंपरेत एक चांगला नियम आहे: वर्णनाची पहिली ओळ स्वतःपुरते पूर्ण वाक्य असली पाहिजे. अर्धवट पदसमूह तिथे चालत नाही. हा नियम प्रत्येक पुरवणीकर्त्याने आपल्या भिंतीवर लिहून ठेवावा.

विध्यर्थाचे सामर्थ्य

व्हिज्युअल स्टुडिओ कोडची इंग्रजी वर्णने पुष्कळदा 'कंट्रोल्स व्हेदर' या शब्दांनी सुरू होतात. त्यांचे शब्दशः मराठी केले, तर 'फाइल आपोआप जतन केली जावी की नाही हे नियंत्रित करते' असे वाक्य तयार होते. ते मराठी दिसते, पण मराठी माणूस असे बोलत नाही. 'नियंत्रित करते' याचा कर्ता कोण, हे कळत नाही. 'की नाही' आल्यावर चौकोनात खूण करायची म्हणजे 'हो' की 'नाही', हे पुन्हा ठरवावे लागते. आपल्या भाषेचे क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. तिथे वाचकाला अर्थ मिळायला हवा, आणि नेमके तिथेच हे पोकळ क्रियापद येऊन बसते.

मराठीत याला सरळ उत्तर आहे. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 साली प्रसिद्ध झाले. त्या परंपरेत ज्याला वाख्यात म्हणतात, ते 'वा'-प्रत्ययान्त रूप, म्हणजेच आपला विध्यर्थ. 'पाऊस यावा', 'मुलाने शिकावे', 'रस्ता रुंद असावा'. कर्तव्य, योग्यता आणि इच्छा या तिन्ही छटा तो सहज वाहतो. सेटिंग म्हणजे यंत्रापुढे मांडलेली इच्छाच नव्हे काय? मग 'फाइल आपोआप जतन व्हावी' एवढे लिहावे आणि शेजारी चौकोन ठेवावा. खूण केली की इच्छा मान्य, काढली की अमान्य. इंग्रजीला जिथे 'कंट्रोल्स व्हेदर'चे कुंपण घालावे लागते, तिथे मराठीला 'व्हावी' हे एक क्रियापद पुरते.

याच तत्त्वावर पडद्याचे संपूर्ण व्याकरण बसवता येते, असे आम्हांला वाटते. तात्काळ कृती घडवणाऱ्या बटणाला आज्ञार्थ असावा: 'जतन करा', 'तपासा', 'पुसा'. टिकून राहणाऱ्या सेटिंगला विध्यर्थ असावा: 'जतन व्हावी', 'चुका अधोरेखित व्हाव्यात'. आज मराठी पडद्यांवर सर्वत्र 'करा'चा सुकाळ आहे. त्यामुळे 'सूचना दर्शवा' हे आत्ता दाखवण्याचे बटण आहे की यापुढे दाखवण्याचे सेटिंग, ते कळत नाही. 'सूचना दिसाव्यात' असे लिहिले, तर तो संशय उरत नाही.

अनेक पर्यायांतून निवड करायची असेल, तर वर्णन प्रश्नरूप असावे. आपोआप जतन करण्याच्या त्या सेटिंगला या एडिटरात चार मूल्ये आहेत. इंग्रजीत त्यांची नावे 'ऑफ', 'आफ्टर डिले', 'ऑन फोकस चेंज' आणि 'ऑन विंडो चेंज' अशी. मराठीत वर विचारावे, 'फाइल आपोआप केव्हा जतन व्हावी?' आणि खाली उत्तरे द्यावीत: 'कधीच नाही', 'टंकन थांबल्यावर थोड्या वेळाने', 'दुसऱ्या फाइलीकडे वळल्यावर', 'दुसऱ्या खिडकीत गेल्यावर'. प्रत्येक उत्तर त्या प्रश्नाला व्याकरणाने जुळते. प्रश्न आणि उत्तर एका वाक्यासारखे वाचता आले, तर वाचणाऱ्याला संज्ञाकोश उघडावा लागत नाही.

लिंगवचनाचाही विचार हवा. 'सक्षम केला, सक्षम केली, सक्षम केले' अशी रूपे मूल्यांत घातली, तर ती प्रत्येक नामाबरोबर बदलावी लागतात आणि कुठेतरी चुकतातच. 'चालू' आणि 'बंद' ही विशेषणे अविकारी आहेत. ती सर्वत्र चालतात, आणि गावातल्या विजेच्या बटणापासून सर्वांना ठाऊक आहेत. नकाराबाबत तर अधिकच दक्षता हवी. 'सूचना दिसू नयेत' या वाक्यापुढचा चौकोन रिकामा ठेवला, तर सूचना दिसणार की नाही? वाचक क्षणभर थांबतो, आणि त्या क्षणात चूक होते. म्हणून वर्णन होकारार्थी असावे, नकार चौकोनाच्या रिकामेपणाने सांगितला जावा.

शब्द कोणते घ्यावेत?

परिभाषेचा वाद आपल्याकडे जुना आहे. शिवकाळात 'राज्यव्यवहारकोश' झाला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या राजवटीत 1931 साली 'श्रीसयाजीशासनकल्पतरु' हा आठ भाषांतला कारभारशब्दांचा कोश निघाला. त्यात मराठी आणि गुजराती शेजारी बसल्या होत्या, ही गोष्ट गुजरातेतल्या मराठी वाचकाने आवर्जून ध्यानात ठेवावी. 1960 साली महाराष्ट्र शासनाने भाषा संचालनालय स्थापन केले. संगणकाच्या क्षेत्रात 2008 साली सुरू झालेल्या फ्युएल प्रकल्पाने पडद्यावर वारंवार येणाऱ्या शब्दांच्या प्रमाण याद्या भारतीय भाषांसाठी करायला घेतल्या, आणि त्यांत मराठी होती. या सर्व उद्योगांतून निघणारा धडा एकच: एका वस्तूला एक नाव द्यावे आणि ते सगळीकडे टिकवावे. एकाच गोष्टीला पुरवणीच्या एका गटात 'प्राधान्य', दुसऱ्यात 'पसंती' आणि तिसऱ्यात 'संयोजना' म्हटले, तर तिन्ही शब्द कितीही शुद्ध असोत, वाचक हरवणारच.

आमचा आग्रह संस्कृतोद्भव शब्दांचा नाही आणि इंग्रजी शब्दांचाही नाही. कतारगामातली मुलगी 'सेव्ह' म्हणते, तिचे वडील 'जतन' समजतात. एडिटरची शोधपेटी वर्णनाचा मजकूरही चाळते. म्हणून वर्णनात दोन्ही शब्द असावेत: 'फाइल आपोआप जतन व्हावी, प्रत्येक वेळी सेव्ह करण्याची गरज राहणार नाही.' एवढ्याने दोन्ही पिढ्यांचा शोध यशस्वी होतो, आणि वाक्यही कृत्रिम होत नाही.

शोधाच्या संदर्भात लिपीचा एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा आहे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली स्वतंत्रपणे आले. त्यापूर्वी लोक 'अ' लिहून त्यावर चंद्र चढवत, आणि अनेक जण आजही तसेच लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात. यंत्राला ती भिन्न वाटतात. वर्णनात एक प्रकार आणि शोधपेटीत दुसरा आला, तर सेटिंग समोर असूनही सापडत नाही. 'फाइल' आणि 'फाईल' यांचीही हीच कथा. ऱ्हस्वदीर्घाचा वाद पंडितांचा आहे असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की शोधपेटीत तो वाद प्रत्यक्ष कामाचा होतो. कर्त्याने एक लेखनपद्धती ठरवावी, सगळीकडे तीच ठेवावी, आणि ज्यांची रूपे दोन चालतात असे शब्द शक्यतो टाळावेत.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा येईल की प्रोग्रॅमिंग इंग्रजीतच चालते, मग सेटिंग्ज मराठीत कशाला? आमचे उत्तर असे की प्रोग्रॅमची भाषा ही यंत्राशी बोलण्याची भाषा आहे, आणि सेटिंगचे वर्णन माणसाने माणसाला लिहिलेले असते. पहिल्या भाषेत सर्व जगाला समान पाठांतर करावे लागते. दुसऱ्या भाषेत मात्र जपानी, कोरियन, तुर्की, पोलिश, झेक तरुणांना स्वतःची भाषा मिळते आणि मराठी तरुणाला मिळत नाही. या एडिटरच्या अधिकृत भाषापॅकांत ह्या सर्व भाषा आहेत. मराठी नाही, गुजराती नाही, हिंदीसुद्धा नाही. झेक बोलणारे सुमारे एक कोटी. मराठी मातृभाषा सांगणारे 2011 च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक. तेव्हा बोलणाऱ्यांची संख्या हे मराठी नसण्याचे कारण असू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे: मराठीत वर्णन वाचलेल्या मुलाला इंटरनेटवर मदत शोधताना इंग्रजी नाव लागेलच. मान्य. म्हणूनच इंग्रजी ओळखनाम पडद्यावर राहते ही मर्यादा इथे उपकारक ठरते. वर इंग्रजी नाव, खाली मराठी अर्थ. एकाने जगाशी संपर्क, दुसऱ्याने स्वतःची समज. नवापूरच्या फलाटावरचा प्रवासी चार भाषांतली उद्घोषणा ऐकून गोंधळत नाही. त्याला आपली भाषा कळते आणि इतर तीन कानांवरून जातात.

तिसरा आक्षेप पुरवणीकर्त्यांचा: आम्ही फावल्या वेळात, विनामोबदला लिहितो, एवढी निगराणी कोण करणार? हा आक्षेप आम्ही सहानुभूतीने ऐकतो. पण गट पाडणे, क्रमांक देणे आणि एक पूर्ण वाक्य लिहिणे हे काम एका संध्याकाळचे आहे. ज्याने आठवडेच्या आठवडे खर्चून पुरवणी घडवली, त्याने ती सापडावी म्हणून एक संध्याकाळ दिली, तर ते श्रम सर्वांत जास्त फळ देतील.

पुढे काय करावे?

मार्ग खुला आहे, हे आम्ही मुद्दाम सांगतो. एडिटरचा भाषापॅक हीसुद्धा एक पुरवणीच असते. तो तयार करून प्रसिद्ध करण्याची तांत्रिक सोय कोणालाही उपलब्ध आहे. प्रत्येक पुरवणीला आपली वर्णने वेगळ्या फाइलीत भाषावार ठेवता येतात. संपूर्ण एडिटरचे मराठीकरण हे मोठे काम आहे आणि ते एका माणसाकडून होणारे नाही. पण सुरुवात लहान असू शकते. सुरतेतल्या, बेळगावातल्या, बडोद्यातल्या किंवा पुण्यातल्या संगणकाच्या विद्यार्थ्यांनी एक लोकप्रिय मुक्तस्रोत पुरवणी घ्यावी, तिच्यातली वीस महत्त्वाची सेटिंग्ज निवडावीत, त्यांची वर्णने विध्यर्थात लिहावीत आणि ती आपल्या आईला किंवा काकांना वाचून दाखवावीत. त्यांना वाक्य कळले, तर ते ठेवावे. न कळले, तर बदलावे. मराठीच्या शिक्षकांनी या कामात विद्यार्थ्यांबरोबर बसावे. 'विध्यर्थाची पाच उदाहरणे लिहा' या प्रश्नाला यापेक्षा जिवंत उत्तर आम्हांला तरी सुचत नाही.

सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मराठी वाचकांना आमची विनंती आहे की हे काम सरकारच्या किंवा कंपनीच्या निर्णयाची वाट पाहत थांबवू नये. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, मोर्चा लागत नाही, निधीही लागत नाही. लागते ती नीट वाक्य लिहिण्याची सवय. कतारगामातल्या एखाद्या खोलीत कुणी शोधपेटीत 'जतन' असे टंकावे आणि हवे ते सेटिंग पहिल्याच ओळीत यावे, एवढेच आमचे मागणे आहे. आणि ते पुरे करण्याचे साधन आपल्याच हातात आहे.